वडावरचे मुंडकार

वकिलीच्या धंद्यात पडल्यापासून आम्ही नाना तऱ्हेच्या अशिलांची वकीलपत्रे घेतली. भाटकारांची घेतली, मुंडकारांची घेतली, देवस्थानांची घेतली आणि प्रसंगी देवस्थानांच्या विरुद्धही घेतली. परंतु वटवाघळाची बाजू मांडावयास उभा राहिलेला वकील आमच्या पाहण्यात नाही. आमच्या धर्माने बहुतेक प्राण्यांची कोठे ना कोठे सोय लावून दिलेली आहे. उंदराला गणपतीने पायाशी घेतले, सापाला नागपंचमी मिळाली, कावळ्याचे पान पितृपक्षात वाढले जाते, आणि घुबडासारख्या अशुभ मानलेल्या पक्ष्यालाही लक्ष्मीचे वाहन म्हणून बंगालकडे तरी मान आहे. वाघळाच्या वाट्याला मात्र ना वाहनपद आले, ना सण, ना नैवेद्याचे पान. आणि गंमत अशी की देवळाच्या इतके जवळ, पिढ्यान् पिढ्या, ह्या प्राण्याइतके दुसरे कोणी राहिलेले नाही.

उलट शास्त्राने त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. कोणती चोरी केली असता पुढला जन्म कोणता येतो ह्याची एक लांबलचक यादी मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात आहे. तीत गूळ चोरणारास 'वाग्गुद' व्हावे लागते असे सांगितले आहे, आणि वाग्गुद म्हणजे वाघूळ असा अर्थ भाषांतरकार करतात. म्हणजे हा प्राणी जन्मतःच सिद्धदोष! शिक्षेची योजना मात्र स्मृतिकाराने रसिकतेने केली आहे असे आम्हांस वाटते. गुळाची चटक लागलेल्या माणसास रात्रभर पिकलेली जांभळे, उंबरे आणि मोहाची फुले खात हिंडावयास लावणे ह्याला कोणी सक्तमजुरी म्हणणार नाही. कोशकार अमरसिंह अधिक समतोल बुद्धीचा. त्याने ह्या प्राण्यास 'अजिनपत्रा' म्हटले; अजिन म्हणजे कातडे, कातड्याचेच ज्याला पंख आहेत तो. आधुनिक प्राणिशास्त्राने हस्तपंखी असे जे नाव दिले त्याच्या अगदी जवळ अमर येऊन पोहोचला होता. कारण हा पंख म्हणजे वस्तुतः हातच आहे. चार बोटे वीत-वीत लांब वाढली, त्यांच्यामध्ये छत्रीच्या कापडासारखी पातळ कातडी ताणली गेली, आणि पाचवे बोट, आंगठा, नखासह तेवढे मोकळे राहिले. पाखराच्या पंखात बोटे जवळजवळ लोपून गेलेली असतात. येथे बोटांवरच सगळे उड्डाण तोललेले आहे.

ज्या वडामुळे ह्या विषयात आम्ही पडलो तो आमच्या कुलदेवतेच्या तळीच्या काठी आहे. फोंडे महालातील पुष्कळ देवस्थानांप्रमाणे हेही देवस्थान परागंदा होऊन आलेले. मूळ ठिकाण पोर्तुगीजांच्या अमदानीत सोडावे लागले आणि देवी ह्या डोंगरकुशीत येऊन राहिली. वड तिच्या आधीचा की नंतरचा ह्याबद्दल महाजनांत दोन पक्ष आहेत. वाघळांबद्दल मात्र मतभेद नाही. जाणत्यांतल्या जाणत्या माणसानेही तो वड वाघळांवाचून पाहिलेला नाही. संख्या दोन-अडीचशेच्या आसपास. लांबून पाहणारास झाडाला काळी फळे लागल्यासारखी दिसतात. ही थोरल्या जातीची, फळे खाणारी वटवाघळे. पंख पसरले म्हणजे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फूट सहज भरतात. देवळाच्या वाशांत आणि तुळयांच्या फटींत राहणाऱ्या मूठभर आकाराच्या पाकोळ्या निराळ्या; त्यांच्याकडे पुढे वळू.

दिवसा ती झोपतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. सुट्टीच्या दिवशी अग्रशाळेच्या ओट्यावर बसून आम्ही जे पाहिले त्यावरून ती झोप नावापुरतीच म्हणावी लागेल. कोणी अंग चाटतो आहे, कोणी आंगठ्याच्या नखाने कान कोरतो आहे, आणि जागेवरून तंटा तर अखंड चाललेला असतो. प्रत्येकाची टांगून घेण्याची जागा ठरलेली असते व दुसऱ्याने ती घेतली की आरडाओरडा सुरू होतो. गेर्हार्ड नॉयवाइलर ह्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने हिंदुस्थानातील अशा एका वसाहतीचे निरीक्षण करून १९६९ साली जे लिहिले, त्यात नरांची वरखाली अशी प्रतवारी असून चांगल्या जागा बलिष्ठांकडे जातात असे नमूद केले आहे. वहिवाटीचे दावे चालविण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांस ह्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. वैशाखातल्या दुपारी ऊन अंगावर आले म्हणजे ती एक पंख सोडून पंख्यासारखा हलवू लागतात; अंगावर लाळ फासून तीवर वारा घेतात. ऊन अतिच झाले की पटापट खाली पडून मरतात. उष्म्याच्या लाटेत अशा मृत्यूंच्या बातम्या उत्तरेकडून व गुजरातकडून वेळोवेळी आलेल्या आहेत.

उलटे टांगून घेण्याचे लोकांस मोठे कुतूहल असते. आपण हात वर करून फांदीला लोंबकळलो तर थोड्याच वेळात बोटे भरून येतात, कारण मूठ आवळून धरावयास जोर लागतो. वाघळाच्या पायाची रचना अशी की शरीराच्या भारानेच स्नायूबंध ओढला जाऊन नखे आपोआप मिटतात व अडकून राहतात. सोडावयास जोर लागतो, धरावयास लागत नाही. म्हणून झोपेत ते पडत नाही. मेलेले वाघूळदेखील कित्येकदा तसेच लटकत राहते. पाय मात्र ह्यापायी इतके अशक्त व उलट दिशेला वळलेले की पाखरासारखे जमिनीवरून झेप घेणे ह्या थोरल्या वाघळास साधत नाही. आधी फांदी सोडावयाची, खाली पडावयाचे, आणि पडता पडता पंख उघडावयाचे. जमिनीवर आलेले वाघूळ बुंध्यावरून सरपटत वर चढते, मग उडते. मलमूत्राच्या वेळी ते आंगठ्यांनी फांदी धरून डोके वर करते, स्वतःस घाण लागू देत नाही. आपल्या अंगाविषयी इतकी दक्षता बाळगणारा हा प्राणी खालच्या प्रदक्षिणेच्या वाटेविषयी तितकाच बेफिकीर असतो, ही आमच्या महाजनांची तक्रार अक्षरशः खरी आहे व ती आम्ही कधी नाकारली नाही.

तिन्हीसांजा झाल्या, नगारखान्यात चौघडा सुरू झाला, की वसाहतीत चुळबूळ होते. चौघड्याला ती बिचकत नाहीत. जन्मल्यापासून ऐकत आलेली. सूर्य मावळल्यावर अर्ध्या घटकेत पहिले वाघूळ सुटते, मग एकामागून एक. पंखांची मंद, जड अशी वल्ही मारीत ती डोंगराकडे निघतात. उन्हाळ्यात त्यांपैकी काही प्रथम तळीवर उतरतात, छाती पाण्याला घासून जातात, आणि दूर कोठे झाडावर बसून पोटाच्या लवेतले पाणी चाटतात. वाघूळ आंधळे असते ही समजूत साफ चुकीची. ह्या थोरल्या जातीचे डोळे टपोरे असतात व काळोखात उत्तम दिसते. फळाचा शोध डोळ्यांनी व नाकाने लागतो. रात्रीतून कित्येक मैल जाऊन ती पहाटेस परततात.

फळ ते सबंध खात नाही. चावून, टाळूशी दाबून रस घेते आणि चोथ्याची गोळी थुंकून टाकते. रसाबरोबर गेलेल्या बारीक बिया उडता उडता बाहेर पडतात. मोठी फळे तोंडात धरून ते दुसऱ्या झाडावर नेते व आठोळी तेथे टाकते. वड, पिंपळ, उंबर ह्यांची पैदास डोंगरकपारीत होते ती पाखरांबरोबर ह्या प्राण्यामुळेही. किनाऱ्यालगतच्या गावांत उंडीची फळे वाघळे नेतात आणि झाडाखाली टाकलेल्या बिया गोळा करून पूर्वी दिव्याचे तेल काढीत. काजूच्या दिवसांत बोंड चोखून टाकलेली बी वेचावयास मुले सकाळीच जातात, हे गोव्यातल्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. मोह, सांवर, गोरखचिंच ही झाडे रात्री फुलतात. फुलातला मध चाटावयास आलेल्या वाघळाच्या तोंडाला पराग लागतो, तो पुढच्या फुलावर जातो, आणि फळ धरते. फिर्यादी पक्षाच्या बाजूने एवढे मान्य केले पाहिजे की देवळाच्या शिखराच्या सांध्यात जो पिंपळ उगवतो व पुढे चिरे फोडतो तोही कधी कधी ह्याच पेरणीचा असतो. देवस्थानाला वड दिला त्यानेच शिखराला पिंपळ दिला.

आता पाकोळ्यांविषयी. गाभाऱ्याच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात अचानक तोंडाजवळून काही सळकन गेल्याचा अनुभव बहुतेकांस असेल. लहानपणी आम्हांस, केसांत अडकते, अशी भीती घालीत. काळोखात सुपारीएवढा किडा अचूक उचलणारा प्राणी माणसाच्या डोक्यावर आपटेल कसा? इटलीतील पाद्री व शास्त्रज्ञ स्पाल्लान्झानी ह्यांनी १७९३ मध्ये डोळे निकामी केलेली वाघळेही अडथळे टाळून उडतात हे दाखविले; लवकरच जिनिव्हाच्या झ्युरीनने कान बंद केले की ती आपटतात हे सिद्ध केले. कानाने पाहणे ही कल्पना तेव्हा पंडितांस हास्यास्पद वाटली आणि सुमारे दीडशे वर्षे ती बाजूस पडून राहिली. १९३८ साली हार्वर्डच्या डोनाल्ड ग्रिफिनने एका भौतिकशास्त्रज्ञाच्या यंत्रापुढे वाघळे नेली तेव्हा ती सतत ओरडत असतात, केवळ तो सूर मनुष्याच्या कानाच्या पलीकडचा असतो, हे कळून आले. प्रतिध्वनीवरून ती भिंत, तार, किडा ओळखतात. म्हणजे ज्या सभामंडपात आम्ही शांतता आहे म्हणून जपास बसतो तेथे वस्तुतः केवढा कोलाहल चाललेला असतो! ह्या पाकोळ्या एका रात्रीत शेकड्यांनी किडे खातात, आणि तळीच्या काठच्या देवळास त्याचा उपयोग केवढा हे पावसाळ्यात तेथे वस्तीस राहिलेल्यांस विचारावे.

इतके दिवस वाघळांचा प्रश्न घाणीपुरता होता. २०१८ च्या मे महिन्यात केरळातील कोळिकोड भागात निपाचा ताप उद्भवला, सतरा माणसे दगावली, आणि हा विषाणू फळे खाणाऱ्या वटवाघळांत वसतो ही गोष्ट घरोघर पोहोचली. आंब्याचे दिवस. ओरखडलेला आंबा दिसला की लोक वडाकडे बोट दाखवू लागले. जूनच्या पहिल्या रविवारी अग्रशाळेत महाजनांची बैठक भरली. वड तोडावा, निदान फटाके लावून वाघळे कायमची हुसकावून द्यावी, अशी सूचना आली. सूचना मांडणारा गृहस्थ काही क्रूर नव्हता. त्याची मुलगी गरोदर होती आणि रोज संध्याकाळी देवीला येत असे. मुखत्यारांनी आमच्याकडे वळून विचारले, "वकीलबाब, कायद्याची आडकाठी आहे का?"

येथे आमची खरी अडचण झाली. वडापुरते उत्तर सोपे होते. १९८४ च्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्याप्रमाणे वृक्षाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून गोव्यात झाड तोडता येत नाही. पण वाघळांचे काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात उपद्रवी प्राण्यांची जी चार नावे तेव्हा होती, ती कावळा, उंदीर, घूस-उंदरांची इतर जात आणि फळे खाणारी वाघळे अशी. ह्या यादीत ज्याचे नाव त्याला ह्या कायद्याचे संरक्षण नाही. फांदीला हात लावावयास परवाना पाहिजे आणि फांदीवरचा जीव मात्र वाऱ्यावर, अशी ती स्थिती. गोव्यातल्या मुंडकारास घरातून काढावयाचे तर १९७५ चा कायदा आडवा येतो. वडावरच्या ह्या जुन्या मुंडकारांना कोणताच कायदा नव्हता. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्याविरुद्धचा १९६० चा कायदा कोणत्याही प्राण्यास लागू आहे, त्याचा धागा आम्ही धरला. पण तो बारीक आहे हे आम्हांसही माहीत होते व बैठकीत बसलेल्या दुसऱ्या दोघा वकिलांसही. सबब "आडकाठी फारशी नाही" असे खरे उत्तर देऊन, मग कायदा बाजूस ठेवून, आम्ही बोललो.

आम्ही जे मांडले त्यातला मुख्य मुद्दा असा. विषाणू त्या प्राण्यात आहे हे खोटे नाही. म्हणून टोचलेले, कुरतडलेले फळ खाऊ नये, पडलेल्या वाघळास उघड्या हाताने शिवू नये, वाघळांचा वावर असलेल्या विहिरीवर झाकण ठेवावे, उघड्या मडक्यातला रस पिऊ नये. बांगलादेशात हा रोग पुन्हा पुन्हा झाला तो खजुरीच्या कच्च्या रसातून, हे तपासाअंती निघालेले आहे. पण वाघळे हुसकावल्याने रोग जात नाही. ती पुढच्या गावच्या आंबराईत जातात. शिवाय भेदरलेल्या, उपाशी प्राण्याच्या अंगातून विषाणू अधिक बाहेर पडतो, असे शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. आणि जून हा महिना कोणता? फेब्रुवारीपासून मेपर्यंत त्यांची पिले जन्मतात. मादीस वर्षाला एकच पिलू. ते पहिले काही आठवडे आईच्या पोटाला चिकटून असते, पुढे झाडावर ठेवून ती चरावयास जाते. ज्या प्राण्यास वर्षाकाठी एकच अपत्य, त्याची वसाहत एकदा मोडली की भरून यावयास पिढी लागते.

बोलणे किती पटले कोणास ठाऊक. कोपऱ्यात देवळाची झाडलोट करणारी एक वृद्धा उभी होती. घाण काढण्याचे काम तिच्याच वाट्याचे, तेव्हा बोलण्याचा पहिला अधिकारही तिचाच. ती एवढेच म्हणाली, "तीं आमच्या पयलीं आयल्यांत." निर्णय पावसाळा संपेपर्यंत तहकूब झाला.

तहकुबीचा हुकूम सर्वच पाळतात असे नाही. आठ दिवसांच्या आत एका भर दुपारी कोणीतरी वडाखाली फटाक्यांची माळ लावलीच. आम्ही संध्याकाळी पोहोचलो तेव्हा अर्धीअधिक वसाहत डोंगराच्या माथ्यावर घिरट्या घालीत होती आणि तळीच्या पायऱ्यांवर अकरा पिले पडली होती, तीन पाण्यात. जिवंत होती ती आम्ही व दोन तरुणांनी जाड गोणपाटात धरून बुंध्यावर खालच्या पारंब्यांना लावली. दोघांच्या आया काळोख पडल्यावर आल्या, पोटाशी घेऊन गेल्या. इतरांचे आम्हांस पाहवले नाही. ज्यांची मुलगी गरोदर होती ते गृहस्थ त्या वेळी तेथे होते. पुढच्या बैठकीत त्यांनी आपली सूचना आपणहून मागे घेतली आणि प्रदक्षिणेच्या वाटेवर पत्र्याचे छप्पर घालावे अशी नवी मांडली. ती एकमताने संमत झाली. वाघळांपैकी निम्मी दसऱ्यापर्यंत परतली, बाकीची दुसऱ्या वर्षी.

२०२१ साली महाबळेश्वरच्या एका गुहेतील वाघळांत निपाच्या संसर्गाच्या खुणा सापडल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने प्रसिद्ध केले तेव्हा, आणि त्याआधी कोरोनाच्या साथीतही, कुजबूज पुन्हा झाली. पण छप्पर झाले होते, विहिरीवर झाकण आले होते, आणि माळ लावावयास कोणी गेले नाही.

ह्याच कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंक्तीस, एक वाघूळ बसलेले आहे ही गोष्ट आम्हांस त्या प्रकरणाचा अभ्यास करताना कळली. ते आपल्या शेजारचेच निघाले. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ, जेथून आपली म्हादई उगम पावते त्या भीमगडाच्या अरण्यात, बारापेडे नावाच्या गुहा आहेत. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने सस्तन प्राण्यांची जी पाहणी हाती घेतली होती तीत १९१२ च्या सुमारास स्टॅन्ले प्रेटर ह्या तरुणास तेथे एक मोठ्या कानांचे, किडे खाणारे वाघूळ मिळाले. १९१३ मध्ये लंडनच्या ऑल्डफील्ड थॉमसने त्याचे वर्णन करून त्यास रॉटन ह्या वनाधिकाऱ्याचे नाव दिले. दोन्ही कान पुढे येऊन नाकावर टोपीच्या कडेसारखे झुकलेले, मानेभोवती फिकट पट्टा. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे ह्या गुहांपलीकडे जगात ते कोणास दिसले नाही. मेघालयात व कंबोडियात सापडले ते २००० नंतर. प्रेटर पुढे हिंदी प्राण्यांवरील प्रसिद्ध ग्रंथाचा कर्ता झाला आणि घटना समितीत अँग्लो-इंडियन समाजाचा प्रतिनिधी म्हणून बसला, हे आमच्या धंद्यातल्या लोकांस मुद्दाम सांगावेसे वाटते. आम्ही खटल्याच्या निमित्ताने खानापुरास पुष्कळदा जातो. तळेवाडीपर्यंत एकदा गेलोही. गुहेत गेलो नाही. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, आणि आत शिरलेल्या माणसाच्या दिव्याने वसाहत उठते हे तळीच्या पायऱ्यांवर पाहून झाल्यावर केवळ कुतूहलापोटी परवानगी मागावयास आमचे मन झाले नाही.

एकाच कायद्यात एक वाघूळ वाघाशेजारी आणि बाकीची फळे खाणारी उंदराशेजारी, ही स्थिती कित्येक वर्षे टिकली. त्यातही दक्षिणेकडील डोंगरांत सापडणाऱ्या, सलीम अलींचे नाव असलेल्या फळाहारी वाघळास अपवाद म्हणून वर उचलले होते. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांचे ते परिशिष्टच काढून टाकले. १ एप्रिल २०२३ पासून ती अमलात आहे. आता एखादा प्राणी उपद्रवी ठरवावयाचा तर सरकारला कलम ६२ खाली निराळी अधिसूचना काढावी लागते, ठराविक प्रदेशापुरती, ठराविक मुदतीपुरती. दुरुस्तीची प्रत आम्ही मुखत्यारांस नेऊन दिली. त्यांनी ती वाचून जमाखर्चाच्या वहीत ठेवली. त्या वहीत हल्ली 'वडाखालील पत्रे व धुणावळ' अशी एक बाब दर वर्षी असते, आणि तिच्यावर सर्वसाधारण सभेत आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.